हार्डटॉपला आतून कापड लावताना

जुन्या जीपवर किंवा २०१० साली आलेल्या महिंद्रा थारवर नंतर बसवलेला फायबरचा हार्डटॉप, म्हणजे कडक टप, आतून बहुतेक वेळा उघडाच असतो. काचतंतूंची खरबरीत पाठ, तिच्यावर फासलेला रंग, बस्स. उन्हात तापतो, पावसात ढोलासारखा वाजतो, आणि बेळगाव जिल्ह्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात सकाळी आतून ओला मिळतो. त्याला चांगलं कापड घरच्या घरी लावता येतं. लोक रंग निवडण्यात दिवस घालवतात, पण कापड सुटतं ते मुख्यतः दोन कारणांनी: चिकटवताना हवेत असलेला दमटपणा आणि नंतर कडेने आत शिरणारं पाणी. आपल्या भागात दोन्हींची तयारी आधी करावी लागते.

म्हणून आधी दिवस निवडायचा. कापड चिकटवायच्या रबरी सोल्यूशनमधला पातळ द्राव उडताना खालचा भाग गार करतो. हवा दमट असेल तर त्या गार थरावर बाष्प बसतं, थर दुधाळ दिसतो आणि पकड येत नाही. असं झालंच तर तो थर पूर्ण वाळू द्यायचा आणि वरून आणखी एक हात मारायचा, तसाच दाबून टाकायचा नाही. फेब्रुवारी ते एप्रिलचा पहिला पंधरवडा सगळ्यांत चांगला. पुढे वळीव कधी दुपारी गाठेल याचा नेम नाही. थंडीत करायचं तर सकाळचं दव उडाल्यावर, दहानंतर हात लावावा. अथणी-चिकोडीच्या कोरड्या हवेत हे बंधन सैल आहे, पण खानापूर तालुक्यात मृग लागल्यावर हे काम काढूच नये.

कापड सीट कव्हरच्या दुकानात ‘रूफ लायनिंग’ म्हणून मिळतं. मागे ३ मिलिमीटर फोम चिकटवलेलं, चारी बाजूंना थोडं ताणणारं विणकाम, पन्हा साधारण ५८ ते ६० इंच. छत आतून ५ फूट लांब आणि सव्वाचार फूट रुंद असेल, तर वळण आणि चारी कडांना दोन-दोन इंच धरून छताला २ मीटर लागतं. बाजू आणि मागचे खांब धरून ४ मीटर घ्या. ३ मीटरमध्येही बसतं, पण मग बाजूचे तुकडे आडवे कापावे लागतात. लव आडवी गेली की एकाच कापडाचे दोन रंग दिसतात. कापताना प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूने लवेच्या दिशेचा बाण काढून ठेवा.

खणाचं कापड लावायची हौस आपल्याकडे अनेकांना असते, आणि ते दिसतंही सुरेख. पण खण उभ्या-आडव्या धाग्यांचा, त्यामुळे तो ताणत नाही. पन्हाही लहान, म्हणजे जोड आलेच. खोल वळणावर त्याला चुण्या पडतात आणि पातळ असल्यामुळे सोल्यूशन वर उमटतं. त्याचा मधल्या सपाट भागावर एक पट्टा घ्यावा, तोही ३ मिलिमीटरच्या पातळ फळीवर वेगळा मढवून, आणि ती फळी स्क्रूने बसवावी. घरगुती कापड पेट कसं घेतं तेही पाहायला हवं. गाडीच्या आतल्या कापडासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे, पडद्याच्या कापडाला ते लागू नाही. एक पट्टी अंगणात पेटवून पाहा. भराभर ज्वाळ चढली तर ते कापड डोक्यावर नको.

पांढरा फेविकॉल इथे निरुपयोगी आहे. तो पाणी शोषणाऱ्या लाकडासारख्या वस्तूवर धरतो, फायबर पाणी शोषत नाही. रबराचं पिवळसर सोल्यूशनच हवं, तेही डब्यावर उष्णतेला टिकतं असं लिहिलेलं. चपलेला, सीटला चालणारं साधं सोल्यूशन काळ्या टपाखाली एप्रिलच्या उन्हात मऊ पडतं आणि कापड खाली लोंबतं. वर सांगितलेल्या मापाला अडीच लिटर धरा.

टप गाडीवर ठेवून खालून कापड लावू नका. चार माणसांनी उतरवून, जुन्या गाद्यांवर उलटा ठेवला की डोक्यावरचं काम टेबलावरचं होतं आणि सोल्यूशन डोळ्यांत गळत नाही. उतरवण्याआधी दिव्याची वायर सोडवा. काच, रबरी बीडिंग, बिजागऱ्या काढा आणि बोल्ट कुठला कुठे ते लिहून ठेवा. नवी वायर किंवा स्पीकर हवे असतील तर त्यांची सोय आताच करायची.

मग घासकाम. ८० नंबरचा पॉलिश पेपर, तोंडाला मास्क, हातात मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण काचतंतूची धूळ अंगाला दोन दिवस खाजवते. आतून दिलेल्या फायबरच्या रंगात पुष्कळदा मेण असतं, ते वर येऊन बसतं आणि त्यावर काहीच धरत नाही. चकाकी जाईपर्यंत घासायचं. उभे राहिलेले तंतू कापायचे, खड्डे पुट्टीने भरायचे, कारण ३ मिलिमीटर फोम बारीक खडबड लपवतो, तांदळाएवढी गाठ लपवत नाही. धूळ झटकून स्वच्छ कापडाने थिनर फिरवा आणि तासभर वाळू द्या. पत्र्याचा टप असेल तर गंज काढून प्राइमर मारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

उष्णता आणि आवाज कमी करायचा असेल तर कापडाच्या खाली ५ मिलिमीटरचा बंद छिद्रांचा फोम लावा. सीटचा मऊ फोम पाणी पितो, तो नको.

कापड आदल्या रात्री उलगडून पसरून ठेवा म्हणजे गुंडाळीच्या घड्या जातात. टपाच्या आत आणि कापडाच्या पाठीवर मधली रेघ आखा. रेघेला रेघ जुळवून अर्धं कापड मागे दुमडा. फायबरवर सोल्यूशनचे दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा, आणि कापडाच्या फोमवर एकच पातळ हात. मग थांबायचं. बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श केला तर चिकट लागावं, पण बोटाला काही येऊ नये. दहा ते पंधरा मिनिटं लागतात. बहुतेक कामं याच घाईत बिघडतात: ओलं असताना दाबलं की सोल्यूशन फोममधून वर येतं आणि डाग कायमचा राहतो.

रेघेपासून बाहेर, तळव्याने, वीतभर वीतभर दाबत जा. रोलर नको, फोम चेपतो. छत आतून खोलगट असल्यामुळे सर्वांत खोल कोपरा आधी बसवायचा आणि मग कडेकडे यायचं. कापड कोपऱ्यावरून ताणून नेलं तर आज सुरेख दिसतं, पण तिथे खाली पोकळी राहते आणि उन्हात ते कापड सुटून पुलासारखं उभं राहतं. अर्धं झालं की दुसऱ्या अर्ध्याला तेच.

हे सगळं उघड्या अंगणात करा. वाफ पेट घेते, म्हणून जवळ बिडी, उदबत्ती, ग्राइंडर काही नको.

कडेला खरी परीक्षा आहे. कापड टप आणि गाडी यांच्यामधल्या रबरी गॅस्केटच्या खाली गेलं तर ते वातीसारखं पाणी ओढतं आणि चोर्ला घाटातल्या एका पावसात हातभर आतपर्यंत डाग येतो. कापड गॅस्केटच्या ५ मिलिमीटर अलीकडे धारदार ब्लेडने कापा आणि कड बीडिंगने झाका. कडेच्या दोन इंचांत फायबरवर तिसरा हात द्या. बोल्टच्या भोकाभोवतीही कापड कापून वॉशर सरळ फायबरवर बसू द्या.

दिव्याचं भोक चोवीस तासांनंतर, आणि गोल नव्हे तर फुलीच्या आकारात कापायचं. चारही पाकळ्या आत दुमडल्या की कड उसवत नाही. टप दोन दिवस सावलीत ठेवून मगच गाडीवर चढवा.

नंतर रुपयाएवढा फुगा आला तर बारीक सुईच्या सिरिंजने सोल्यूशन सोडून दाबता येतो. जुन्या कापडामागचा फोम मात्र पिवळी भुकटी होऊन झडत असेल, तर तेच कापड पुन्हा चिकटवण्यात वेळ घालवू नका. चिकटेल ते भुकटीला, टपाला नाही. सगळं काढून ब्रशने घासून पहिल्यापासून करावं लागतं.

टप बसवल्यावर एकाने बाहेरून पाइपने दहा मिनिटं पाणी मारायचं, दुसऱ्याने आत बसून कडेकडेने कोरडा कागद दाबत जायचं. कागद ओला झाला तर दोष गॅस्केटचा किंवा बोल्टचा, तो पावसाआधी काढा.