दुरुस्तीला नारळ फुटत नाही

मागच्या मंगळवारी दुकानाचं शटर वर केलं आणि समोर परत चर. रात्री घरी गेलो तेव्हा नव्हता, सकाळी होता, चांगला कंबरेएवढा खोल, आणि काढलेली सगळी माती बरोब्बर माझ्या पायरीवर. आता काय बोलणार, मागून एक फळी शोधून आणली, चरावर आडवी टाकली आणि दुकान चालू. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे सातबारा काढायला आलेल्या एक आजी. त्या फळीच्या त्या टोकाला थांबल्या, खाली बघितलं, वर बघितलं आणि म्हणाल्या, "लेकरा, आमच्या भावकीनं बांध कोरला तवाबी एवढा बारीक ऱ्हायला नव्हता." मग हात धरून आणलं त्यांना.

दीड वर्षात ही तिसरी खुदाई. पहिली कुठल्यातरी केबलची, दुसरी सीसी रोडची, म्हणजे सिमेंट काँक्रीटच्या रस्त्याची, आणि आता ही पाण्याच्या लाइनची. गावाचं नाव सांगत नाही, मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव आहे एवढं धरा, नगरपालिका आहे, पाणी चार दिवसांआड आहे, बाकी तुमच्या गावासारखंच.

माझं दुकान म्हणजे ई-सेवा केंद्र. आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पॅन कार्ड हे चालतंच, पण खरी कमाई टेंडर भरण्यात. आमच्याकडं ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात (निजामाच्या राज्यातला शब्द, १९४८ ला निजाम गेला पण गुत्तेदार राहिला) आणि गावातल्या बऱ्याच लहान गुत्तेदारांची डिजिटल सिग्नेचर माझ्याच ड्रॉवरमध्ये रबर बँड लावून पडलेली असते. बयाणा रक्कम भरायची, पहिल्या लिफाफ्यात कागदपत्रं, दुसऱ्या लिफाफ्यात दर, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी पावणेपाचला गुत्तेदाराचा फोन येतो, "अजून दोन टक्के बिलो कर" (बिलो म्हणजे अंदाजपत्रकातल्या दराच्या खाली). फार बिलो गेलं की जादा अनामत भरावी लागते हे माहीत असून करतात, कारण काम हातात आलं पाहिजे. तर सांगायचा मुद्दा हा की गावात कुठं काय होणार हे मला आधी कळतं, आणि माझ्याच दारातल्या सीसी रोडचं टेंडर मीच अपलोड केलं होतं. चहा पीत पीत.

त्या रोडचं भूमिपूजन झालं गेल्या वर्षी ऑक्टोबरात, आचारसंहिता लागायच्या आत. आठवतंय ना, बहुतेक नगरपालिकांच्या निवडणुका २ डिसेंबर २०२५ ला झाल्या, त्याआधी जवळजवळ चार वर्षं प्रशासकच होता, त्यामुळं सगळ्यांचे नारळ साठलेले. त्या आठवड्यात गावात सकाळ-संध्याकाळ नारळ फुटत होते, माझ्या पोरानं एका दिवसात तीन ठिकाणचा पेढा खाल्ला.

आता इथं तुम्हाला वाटेल की मी रोडच्या क्वालिटीवर घसरणार. नाही. रोड चांगला झाला हो! हेच तर दुखणं आहे. १८० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड, म्हणजे १३५ घनमीटर काँक्रीट, आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीट आणणाऱ्या, एका गाडीत ६ घनमीटर धरलं तर २३ गाड्या पाहिजेत. मी दुकानात बसून वहीवर रेघा मारल्या, रिकामपणाचे उद्योग, आणि बरोबर २३ च भरल्या, खरं सांगतो जरा हिरमोडच झाला. खाली पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, त्यावर प्लास्टिक कागद, दुसऱ्या दिवशी कटर आणून साडेचार-साडेचार मीटरवर जॉइंट मारले. लोक म्हणत होते चांगला रोड करून परत कापला कशाला, अहो तो कापतात म्हणूनच वाचतो, काँक्रीट सुकताना आकसतं आणि त्याला चीर द्यायला आपण जागा दिली नाही तर ते स्वतःच्या मनानं वेडीवाकडी शोधतं. १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवले होते, क्यूब म्हणतात, सात दिवसांनी आणि २८ दिवसांनी दाबून बघायला. एम-३० म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन सोसलं पाहिजे, हे मला कुठून माहीत तर टेंडरची कागदपत्रं स्कॅन करून करून. पाणी मात्र १४ दिवस मारायचं असतं आणि गुत्तेदाराचा टँकर सहा दिवसांनी यायचा बंद झाला, तर आम्ही गल्लीतल्या लोकांनीच गोणपाटं टाकून, वापरलेलं पाणी नको चांगलंच पाहिजे म्हणून आपापल्या टाकीतलं, चार दिवसांआड येणारं पाणी त्या रोडला पाजलं. समोरच्या वहिनींनी तर सकाळी तुळशीला आणि रोडला एकदमच घातलं.

आणि मार्चमध्ये तोच रोड कडेनं कापला. दोन फूट रुंद, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी रागानं नगरपालिकेत गेलो. बांधकाम विभागातले साहेब तसे ओळखीचे, एमबीच्या झेरॉक्सला माझ्याकडंच येतात (एमबी म्हणजे मेजरमेंट बुक, झालेल्या कामाची मापं लिहायची वही, ती लिहिल्याशिवाय बिल निघत नाही). म्हणलं साहेब, तुम्हाला माहीत नव्हतं का लाइन येणार आहे. म्हणाले माहीत होतं की. मग? तर त्यांनी शांतपणे सांगितलं की रोडचा निधी वेगळ्या हेडचा, म्हणजे वेगळ्या खात्यावरचा, तो मुदतीत खर्च झाला नाही तर परत जातो, पाण्याची लाइन अमृत-२ मधली, ती केंद्राची योजनाच २०२१ च्या ऑक्टोबरात आली, मग तिचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, तांत्रिक मान्यता, टेंडर, हे सगळं होईस्तोवर रोड थांबवला असता तर रोडही गेला असता आणि लाइनही आली नसती. "तुम्हीच सांगा, मी काय केलं पाहिजे होतं?" आता याला काय उत्तर देणार. मी गेलो होतो भांडायला आणि चहा पिऊन आलो. बरं, रिस्टोरेशनचे, म्हणजे खोदलेला रोड परत करायचे पैसेही एस्टिमेटमध्ये धरलेले असतात, म्हणजे तोच रोड दोनदा पैसे घेऊन उभा राहणार आणि कागदावर कुठंच काही चुकलेलं नाही. मला चोरी झाली असती तर समजली असती, हे समजत नाही.

पाण्याच्या लाइनची गरज नाही असं नाही, उलट रोडपेक्षा जास्त आहे. गावातल्या जुन्या लाइनी एसीच्या, म्हणजे सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉसच्या, आणि खाली आमची काळी माती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात एवढी फाटते की भेगेत चप्पल अडकते, आणि तिच्यात पुरलेला पाइप दरवर्षी वर-खाली होत राहतो, जॉइंट उघडा पडतो, पाणी जातं. १९९९ च्या सरकारी मानकात भुयारी गटार असलेल्या गावाला माणशी रोज १३५ लिटर आणि नसलेल्याला ७० लिटर धरलं होतं. आमच्याकडं चार दिवसांआड तासभर नळ, आता बसा भागाकार करत. आणि टाकीतून निघालेलं पाणी गल्लीपर्यंत किती पोचतं हे कुणालाच माहीत नाही.

चुकलो, एकाला माहीत आहे. व्हॉल्व्हमन मामा.

मामांना गावात सगळे मामाच म्हणतात. सायकलच्या दांडीला टी आकाराची लांब लोखंडी चावी बांधलेली, पहाटे पाचला निघतात, या गल्लीचं बंद करायचं त्या गल्लीचं सोडायचं. तीस वर्षं हेच. मागच्या आठवड्यात चर खोदणाऱ्या जेसीबीनं जुन्या लाइनला धक्का दिला, चरात पाणी नाही दिसलं पण वरच्या आळीला नळच आला नाही, पोरं दोन ठिकाणी खणून बसली, काही सापडेना. मामांना बोलावलं. मामांनी काय केलं तर एक पातळ सळई घेतली, एक टोक मातीत दाबून दुसरं कानाला लावलं, आणि डोळे मिटून उभे. म्हणाले, "मोटरसायकल बंद करा रे." जेसीबी बंद, मोटरसायकल बंद, माझा प्रिंटरपण बंद केला मी. चार पावलं पुढं गेले, परत सळई, परत कान. तिसऱ्या की चौथ्या जागी पायानं फुली मारली, "हितं खणा. शीळ घालतंय." खणलं तर दोन हातावर पाइपाला तडा, त्यातनं पाणी सुरसुर करत शेजारच्या जुन्या गटारात चाललेलं. मी विचारलं मामा कसं कळतं, तर म्हणाले, "गटारीचं पाणी गप वाहतं, नळाचं पाणी दाबातलं असतंय, ते बोंबलतंय."

तर हे मामा मे अखेर रिटायर होतायत. आणि गावातल्या व्हॉल्व्हचा नकाशा नाही. म्हणजे नकाशा आहे, मी स्वतः त्याची झेरॉक्स काढलीय, पण तो कुठल्यातरी जुन्या योजनेचा आहे आणि त्यात जिथं टाकी दाखवलीय तिथं आता मंगल कार्यालय आहे.

मलिक अंबरानं चारशे वर्षांपूर्वी औरंगाबादला, आताच्या संभाजीनगरला, नहर-ए-अंबरी आणली, डोंगराकडचं पाणी जमिनीखालून उतारावर आणून शहरात खेळवलं, पाणचक्कीला आजही त्याच पद्धतीच्या नहरीचं पाणी येतं. सहलीला गेलो तर गाइड चक्कीच दाखवतो, पण मला बघायला आवडलं ते वेगळंच, त्या नहरीवर ठिकठिकाणी आत उतरायला मॅनहोल ठेवलेत आणि हवा सुटायला बंबे बांधलेत. म्हणजे बांधतानाच त्यानं गृहीत धरलं होतं की कुणीतरी माणूस पुढं यात उतरून गाळ काढणार आहे. आमच्या रोडच्या एस्टिमेटमध्ये मी शोधलं, चेंबर आणि व्हॉल्व्हची झाकणं रोडच्या लेव्हलला उचलून घ्यायचा आयटमच नव्हता.

नवे नगरसेवक निवडून आले, आमच्या वॉर्डाचा पोरगा चांगला आहे, शिकलेला आहे, दुकानात येऊन बसतो. त्याला म्हणलं मामांना घेऊन चार माणसं द्या, दोन महिने फिरू द्या, सगळे व्हॉल्व्ह शोधा, झाकणं उचला, रंग मारा. म्हणाला दादा कल्पना भारी आहे पण लोक काय मागतात बघा, आणि मोबाईलवर यादी दाखवली. कमान, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, कमान, ओपन जिम, पेव्हर ब्लॉक. पंधराव्या वित्त आयोगातला ६० टक्के निधी बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेवरच घालायचा, तर सगळे त्या बंधित शब्दावरच चिडायचे. आणि देखभाल-दुरुस्तीचं जे हेड असतं ते म्हणे मोटारींच्या लाइट बिलातच खलास होतं. मी म्हणलं बरं. पण त्याचंही खरंय, व्हॉल्व्हच्या झाकणाला नारळ कुठं फोडणार, बोर्ड कुठं लावणार, आणि फोटोत काय दिसणार, चार माणसं रस्त्यावर वाकून बघतायत.

नालेसफाईचं तेवढं बरं असतं, मेमध्ये फोटो निघतात. गाळ काढून नाल्याच्याच काठावर ठेवतात आणि पहिल्या पावसात तो परत आत जातो ती गोष्ट वेगळी.

तर सध्या मी आणि मामा दोघंच करतोय. मी दोनशे पानी वही घेतलीय, रोज पहाटे त्यांच्या मागं मोटरसायकल ढकलत जातो (चालू केली की मामा रागावतात), ते चावी लावतात, मी लोकेशन घेतो, फोटो काढतो आणि वहीत मामांच्याच भाषेत लिहितो. 'शिंप्याच्या ओट्यापासून सात पावलं, उलटा फिरतो.' 'लिंबाच्या बुंध्याशी, अर्धाच उघडायचा, पूर्ण उघडला तर खालच्या आळीचा पाइप सुटतो.' बायको म्हणते कुणी सांगितलंय, पगार देणार आहेत का. नाही देणार. आत्तापर्यंत ३१ झाले.

बत्तिसावा माझ्याच गल्लीतला. परवा पहाटे मामा माझ्या दुकानासमोर आले, सायकल लावली, इकडून पावलं मोजली, तिकडून मोजली, आणि चकचकीत सीसी रोडच्या मधोमध, कापलेल्या चरापासून चांगलं चार फूट आत, टाचेनं ठोकलं. "हितं हाय." मी बघतच राहिलो. म्हणलं मामा, नक्की? त्यांनी चावीचं टोक रोडवर आपटलं, टण आवाज आला, मग हातभर बाजूला आपटलं, तिथं वेगळा आला, जरा पोकळ.

पंधरा सेंटिमीटर, एम-३०, शेवटचे आठ दिवस आम्हीच पाणी मारलेलं. मी वहीत लिहिलं, 'ई-सेवा केंद्राच्या पायरीपासून पाच पावलं, रोडच्या खाली,' आणि मामांनी खिशातला खडू काढून तिथं गोल केला. आज दुपारपर्यंत गाड्यांनी पुसला, मी परत काढलाय.