मीठ धुण्याचे दिवस

भाड्याच्या शिडाच्या बोटीवरचा उन्हाळा शुक्रवारी संध्याकाळी डिझेलच्या पंपासमोरच्या रांगेत संपतो. ग्रीसमध्ये बहुतेक बोटी शनिवार ते शनिवार अशा मिळतात. शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास सामानासकट उतरायचं, म्हणजे आदल्या संध्याकाळीच बोट मुक्कामी आणून टाकी भरायला हवी. मग पाणबुड्या खाली जाऊन कील (बोटीच्या तळाचा जड, उभा भाग), सुकाणू आणि बोट ढकलणारा इंजिनाचा पंखा तपासतो. तो वर येईपर्यंत मंडळींचे विनोद जरा पडेलच असतात, कारण अनामत रक्कम त्याच्या शब्दावर अडलेली असते.

शेवटची रात्र कुठे काढायची हे पहिल्याच दिवशी ठरवावं. ग्रीसच्या पश्चिमेकडच्या लेफ्कादा बेटाहून निघालेल्यांना जवळचं मेगानिसी बेट बरं पडतं, तिथून परत यायला दोन-तीन तास पुरतात. ग्रीसच्या पूर्वेकडच्या एजियन समुद्रात मात्र हा हिशेब चुकला की महागात जातो. तिथे जुलै-ऑगस्टात उत्तरेचा मेल्टेमी वारा दिवसचे दिवस वाहतो. त्याच्या जोरावर मजेत दक्षिणेला गेलेल्यांना परतताना त्याच्याच तोंडावर जावं लागतं, तेही नेमकं सगळे दमलेले असताना. म्हणून आधी वाऱ्याविरुद्ध वर चढून घ्यायचं आणि सोपी वाट परतीसाठी राखून ठेवायची.

मित्रांनी मिळून विकत घेतलेली बोट असेल, तर हंगाम असा एका संध्याकाळीत आटोपत नाही. ती हिवाळ्यासाठी जमिनीवर चढवायची असते आणि त्यातला निम्मा वेळ मीठ धुण्यात जातो. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. समुद्राच्या पाण्याने भिजलेली गादी दिवसभर उन्हात टाकली तरी रात्री पुन्हा दमट लागते, आणि न धुता गुंडाळून ठेवलेल्या शिडावर वसंतापर्यंत बुरशीचे काळे ठिपके येतात. शीड गोड्या पाण्याने धुवावं आणि वारा पडलेल्या सकाळी उभारून वाळवावं. वाऱ्यावर फडफडू दिलं तर लवकर वाळतं खरं, पण उन्हाने आधीच कुजलेली शिवण उसवते.

शीड चढवायचे दोर डोलकाठीच्या आतून जातात. ते धुवायला काढताना टोकाला चार-पाच मिलिमीटरची बारीक दोरी शिवून ती आत ओढून ठेवतात, म्हणजे पुढच्या वर्षी वाट शोधावी लागत नाही. शिवायचा कंटाळा करून नुसती चिकटपट्टी गुंडाळली, तर सांधा कप्पीपाशी सुटतो आणि कुणाला तरी डोलकाठीच्या टोकापर्यंत चढावं लागतं. मंडळींत सगळ्यात हलकं कोण, यावर अशा वेळी चटकन एकमत होतं.

इंजिनाचं तेल हिवाळ्याआधीच बदलावं, वसंतात नव्हे. जुन्या तेलात आम्लं साठलेली असतात आणि ती सहा महिने आतला धातू खात बसतात. डिझेलची टाकी काठोकाठ भरावी, कारण मोकळ्या जागेत दव धरतं, ते पाणी तळाशी बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतूंचा काळा चिकटा वाढतो. बंदरात तो गप्प असतो. पहिल्या खवळलेल्या दिवशी टाकी घुसळली गेली की तो फिल्टरमध्ये अडकतो आणि इंजिन नको तिथे बंद पडतं. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) काढून ठेवावा, नाहीतर त्याची पाती वाकलेल्या अवस्थेतच कायम होतात. काढल्याची चिठ्ठी लगेच किल्लीला बांधावी. वसंतातल्या उत्साहात इंजिन तसंच सुरू केलं, तर तापायला काही मिनिटं पुरतात.

संडासाच्या नळ्यांत समुद्राचं पाणी राहू देऊ नये. त्यातले सूक्ष्मजीव मरून कुजतात आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. भरपूर गोडं पाणी सोडणं, हाच उपाय. अगरबत्ती नव्हे.

यातलं काहीच फार नवं नाही. सुमारे 2,700 वर्षांपूर्वी हेसिओड या ग्रीक कवीने हंगाम संपल्यावर काय करायचं ते लिहून ठेवलंय: नाव किनाऱ्यावर ओढा, भोवती दगड रचा, पावसाने कुजू नये म्हणून तळाचं बूच काढा, दोर-शिडं घरात न्या आणि सुकाणू चुलीच्या धुरावर टांगा. बुचाची सूचना आजही लागू आहे. डेकवरच्या पाणी जाण्याच्या वाटा पालापाचोळ्याने तुंबल्या की किनाऱ्यावर उभी असलेली बोटही आतून भरते. कोकणात पावसाळ्याआधी होड्या शाकारून ठेवतात तेव्हा ग्रीसमधला हंगाम ऐन रंगात येत असतो, आणि नारळी पौर्णिमेनंतर काही आठवड्यांत तिकडे आवराआवर सुरू होते.

पश्चिम ग्रीसमधल्या प्रेवेझा गावासमोर, ॲक्टियमच्या किनाऱ्यावर, अशा शेकडो बोटी टेकूंवर उभ्या राहतात. इ.स.पू. 31 च्या 2 सप्टेंबरला इथल्याच पाण्यात रोमन सेनानी अँटनी आणि इजिप्तची राणी क्लिओपात्रा यांचं आरमार हरलं. सप्टेंबरचा भरवसा आजही कमीच. समुद्र अजून तापलेला असतो आणि वरून गार हवा आली की वादळं उठतात. 2020 च्या सप्टेंबरात इयानोस वादळाने केफालोनिया, इथाका आणि झाकिन्थोस या बेटांना झोडपलं. ‘अजून एक आठवडा फिरू’ म्हणणाऱ्या मित्राला या वादळाची आठवण करून द्यावी.

उरतो हिशेब. सुरुवातीला सगळ्यांनी सारखे पैसे टाकून केलेल्या सामाईक पाकिटातून डिझेल, बंदराचं भाडं आणि किराणा भागवावा. दारू पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावी, न पिणाऱ्यांशी मैत्री टिकते. उरलेलं पीठ, पास्ता, तांदूळ, काहीही बोटीवर सोडू नये. पुठ्ठ्याचे खोकेही नकोत, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असू शकतात. आणि वसंतातल्या कामांची यादी तिथेच बसून, भागांचे क्रमांक आणि फोटोंसकट करावी. ‘पंप बघणे’ एवढंच लिहिलं, तर एप्रिलमध्ये कोणता पंप यावरून वाद होतो. बोटीवर निदान चार असतात.