महिना सातवा: १९-३, बावीस नंबरचं .४५ आणि अडकलेलं काडतूस

घेतलं एकदाचं. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९ रिव्हॉल्व्हर, चार इंची नळी, लाकडी मूठ, नळीच्या तोंडाशी निळं पॉलिश घासलेलं. विकणाऱ्याने चिठ्ठीवर '१९८० च्या दशकातलं' असं लिहून ठेवलं होतं. मी काउंटरवरच सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता गोल) डावीकडे उघडलं आणि योक, म्हणजे त्याला धरणारा बिजागरीचा हात, ज्या खाचेत बसतो तिथे मोबाइलचा टॉर्च मारला. शिक्का पुसट, पण वाचता येतो: १९-३. म्हणजे १९६७ ते १९७७ यांमधलं. खात्री म्हणून नळीच्या मुळाशी बोट फिरवलं. आडवी पिन हाताला लागली. ही पिन १९८२ मध्ये १९-५ आलं तेव्हा गेली, आणि काडतुसाची कड आत बुडवणारा सिलिंडरचा खोलगटपणाही तेव्हाच गेला. विकणारा म्हणाला, 'असेल.' भाव तोच राहिला, मग मीही गप्प बसलो.

डॅशपुढचा आकडा म्हणजे कारखान्याने केलेल्या बदलाची नोंद, एवढं पक्कं डोक्यात बसलंय. मी सुरुवातीला तो सगळ्या मॉडेलांना एकसारखा लावत होतो. तसं नाही. १०-५ हे १९६२ चं, १९-५ त्यानंतर वीस वर्षांनी. प्रत्येकाची गणती वेगळी.

मॉडेल नंबराचंही तेच. १९५७ पर्यंत या बंदुकांना नावं होती: मिलिटरी अँड पोलीस, चीफ्स स्पेशल, कॉम्बॅट मॅग्नम. मग नंबर आले आणि त्यांची अनुक्रमे १०, ३६ आणि १९ झाली. त्या आकड्यांत कॅलिबर (काडतुसाचं इंचातलं माप) शोधू नका, मी शोधून थकलो. मॉडेल २२ हे चक्क .४५ चं, आणि मॉडेल ३२ घेतं .३८ ची काडतुसं! त्यातल्या त्यात सरळ खूण एकच: तीन आकडी नंबर ६ ने सुरू झाला की बहुधा स्टेनलेस. २९ चं ६२९, ५८६ चं ६८६. आणि ती खूणही १९ ला लागत नाही, कारण त्याचं स्टेनलेस भावंड ६६. कॅलिबर नळीवर कोरलेलं असतं, तिथेच वाचावं.

रविवारी टेबलावर व्हर्नियर घेऊन बसलो. .३८ स्पेशलची गोळी मोजली: .३५७ इंच. .३५७ मॅग्नमची मोजली: तीही .३५७. मग ३८ आलं कुठून? पुंगळीतून, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यातून. जुन्या काळी गोळी पुंगळीच्या बाहेरच्या मापाची असायची. पुढे ती आत सरकली, बारीक झाली, नाव मात्र जुनंच राहिलं. पुंगळी बाहेरून मोजा, .३७९ भरते.

दोन्ही काडतुसं शेजारी उभी केली तर मॅग्नमची पुंगळी साधारण सव्वातीन मिलिमीटर उंच. ही उंची मुद्दाम ठेवलेली, म्हणजे मॅग्नम चुकूनही .३८ च्या सिलिंडरमध्ये बसू नये. दाबाची कमाल मर्यादा .३८ ला १७,००० पीएसआय (चौरस इंचावर इतके पौंड), मॅग्नमला ३५,०००. तक्त्यांत १५८ ग्रेन वजनाची तीच गोळी .३८ मधून सेकंदाला २३० मीटरच्या आसपास निघते, मॅग्नममधून ३७५ च्या. वेग दीडपटीहून थोडा जास्त, ऊर्जा पावणेतीनपट. मनगटाला हे तक्ता न वाचताच कळतं.

उलट बाजूने, मॅग्नमच्या बंदुकीत .३८ खुशाल चालतं. मी तेच करत होतो, स्वस्त पडतं म्हणून. तीनेकशे काडतुसं झाल्यावर परवा मॅग्नम भरायला गेलो तर सहापैकी चार शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरवर अडकली. अंगठ्याने दाबून पाहिलं, मग शहाणपणा सुचला आणि थांबलो. .३८ ची पुंगळी जिथे संपते तिथे काजळीचं आणि शिशाचं कडं धरलं होतं. घरी येऊन पितळी ब्रश आणि सॉल्व्हंट, पाऊण तास. चिंधी काळी यायची थांबेना. ही बंदुकीची नाही, माझ्या आळसाची चूक.

मामांना फोनवर हे सगळं सांगत होतो. त्यांच्याकडे शेतावर कानपूरचं .३२ आहे, लायसन्सचं. तिकडे भारतात .३८ आणि ९ मिमी प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला सहसा न मिळणाऱ्या मापांत, त्यामुळे बत्तीसच. 'आमचं बरंय,' म्हणाले, 'बत्तीस म्हणजे बत्तीस. तुझं मॉडेल-फिडेल तिकडंच ठेव.' मी म्हटलं, मामा, तुमची गोळी .३१२ ची. पलीकडे शांतता. मग, 'दुकानदारानं फसवलं की काय रे?'

शनिवारचा हिशेब: पंधरा यार्ड, दोन्ही हात, सहा-सहा गोळ्या. .३८ चा गट (छिद्रांचा पसारा) नऊ सेंटिमीटर, मॅग्नमचा सतरा, आणि सगळा खाली डावीकडे. धक्क्याच्या भीतीने चाप ओढण्याआधीच मूठ आवळतोय. पुढच्या खेपेला मित्राला सिलिंडर भरायला सांगणार आहे, मधल्या दोन घरांत रिकाम्या पुंगळ्या ठेवून, मला न सांगता, म्हणजे गोळी न सुटताही मूठ हलते का ते दिसेल.