आयसी-७३०० साठी बटणांचा हातमाइक: तिसऱ्या आवृत्तीत चिप बाद

आयसी-७३०० हा आयकॉमचा हॅम रेडिओ; हा त्याच्यासाठी घरी बनवलेला हातमाइक. आधीच्या दोन आवृत्त्यांत बटणं वाचून माइकच्या प्लगमधल्या पिन ३ वर योग्य रेझिस्टर टाकायला एटीटायनी ८५ ही मायक्रोकंट्रोलर चिप होती. चिप झोपली की तिचा खर्च नगण्य, पण तिला पाच व्होल्ट पुरवणारा ७८एल०५ रेग्युलेटर मात्र चोवीस तास सुमारे ३ मिलिअँपिअर खातो. दुसऱ्या आवृत्तीत त्याजागी एमसीपी१७०२ बसवला आणि हा खर्च दोन-चार मायक्रोअँपिअरवर आला. बॅटरीच्या हिशेबात ही बचत दर्यात खसखस. रेडिओ नुसता ऐकत असतानाही ०.९ अँपिअर घेतो. खरी अडचण वेगळी: पिन २ वरच्या ८ व्होल्टमधून जास्तीत जास्त १० मिलिअँपिअरच घेता येतात, आणि आवाज टिपणाऱ्या इलेक्ट्रेट कॅप्सूलशेजारी चिपचं क्लॉक चालू राहिलं तर त्याची कुरकुर आवाजात उतरते.

हे काम रेझिस्टरांनीच होतं. सगळी बटणं पिन ३ आणि पिन ७ (माइकचं ग्राउंड) यांच्यामध्ये. फ्रिक्वेन्सी वर नेणारं ‘अप’ थेट शॉर्ट, खाली आणणारं ‘डाउन’ ४७० ओहममधून. व्हॉइस मेमरीच्या, म्हणजे रेकॉर्ड करून ठेवलेले संदेश वाजवणाऱ्या, चार बटणांसाठी (टी१ ते टी४) पिन ३ पासून एकामागे एक १.५, १.५, २.२ आणि ४.७ किलोओहमची साखळी. प्रत्येक रेझिस्टरनंतरच्या सांध्यातून एक बटण पिन ७ कडे. रेझिस्टर ५ टक्क्यांचे चालतात. साखळीऐवजी प्रत्येक बटणाला वेगळा रेझिस्टर जोडला, तर टी१ आणि टी२ एकच होऊन बसतात. ही चूक फार होते.

प्लग रेडिओत घालण्याआधी मल्टिमीटर पिन ३ आणि ७ वर लावा. वाचन असं यायला हवं: अप शून्य, डाउन ४७० ओहम, मग १.५, ३, ५.२ आणि ९.९ किलोओहम. प्लगला डाख देताना आकडे मागच्या बाजूने वाचावे लागतात, तिथे उजवं-डावं उलटतं. प्लगवर कोरलेले आकडेच खरे मानावेत. रेडिओच्या सेट मेनूत कनेक्टर्समध्ये एक्सटर्नल कीपॅडखाली ‘व्हॉइस’ चालू केल्याशिवाय टी१ ते टी४ दाबून उपयोग नाही.

बटणं धातूच्या घुमटीची, ६ मिलिमीटरची टॅक्टाइल घ्या. जुन्या रिमोटचं रबरी कीपॅड हाताला छान लागतं, पण त्याच्या कार्बन टिकलीचाच रोध शंभर-दोनशे ओहम किंवा त्याहून जास्त. मग ‘अप’ दाबलं की रेडिओला ते ‘डाउन’ वाटू शकतं. काळवंडलेल्या स्वस्त बटणाचंही तेच. फ्रिक्वेन्सी उलटी पळू लागली तर आधी हेच तपासावं.

पीटीटीची (दाबून बोलायच्या बटणाची) परतीची तार पिन ६ लाच, पिन ७ ला नाही. माइकच्या ग्राउंडमधून पीटीटीचा प्रवाह गेला की दर दाबण्याला आवाजात ‘टक्’ येतो.

कॅप्सूल पिन १ वरच्या रेडिओच्याच व्होल्टेजवर चालू शकते, दोन तारांत काम. पण तिचा खर्ज जास्त आणि तिथे मालिकेत कपॅसिटर घालता येत नाही, पुरवठाच तुटतो. म्हणून आता पुरवठा पिन २ कडून: १ किलोओहम, तिथून ग्राउंडला २२ मायक्रोफॅरड, पुढे २.२ किलोओहम आणि कॅप्सूल. कॅप्सूलपासून पिन १ कडे ०.२२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर. रेडिओचा ६०० ओहम आणि हा २.२ किलोओहम मिळून धरला तर खर्जाचा कट साधारण २६० हर्ट्झवर पडतो, एसएसबीला (हॅमच्या बोलण्याच्या प्रसारण पद्धतीला) नेमका. आता माइकचा कायमचा खर्च कॅप्सूलचाच: ०.३ मिलिअँपिअरच्या आसपास.

१०० वॉटवर आरएफ, म्हणजे रेडिओचंच प्रसारण, आत शिरतो तो दोन ठिकाणी. कॅप्सूलमधला फेट ट्रान्झिस्टर त्याला डिटेक्ट करून गुरगुर काढतो: कॅप्सूलच्या डाखाच्या टिकल्यांवरच, पाय अगदी आखूड ठेवून, १०० पिकोफॅरड. पिन ३ ची लांब तार अँटेना बनते आणि मेमरी आपोआप वाजते किंवा थांबते: प्लगपाशी पिन ३ ते ७ मध्ये १ नॅनोफॅरड, आणि केबलचे तीन-चार वेढे मिक्स ३१ प्रकारच्या फेराइट कड्यामधून.

बाकी आहे ते कॅप्सूलभोवतीचं मऊ फोम. बटणाचा खटका अजून डब्यातून माइकपर्यंत पोचतो.