मेझुझोतमधला झायिन

बिरड्याच्या रोजानंतरचा, म्हणजे यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक पाळायच्या उपासानंतरचा, शनिवार होता आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांचं आमचं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) लहानसं. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, लागणारे दहा पुरुष जेमतेम जमले. हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, मीच आणि सेफेर तोरा, म्हणजे चामड्यावर हाताने लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी, वाचणाराही मीच. मोठ्या जमातीत ही दोन कामं दोघांकडे असतात, आमच्याकडे तेवढी माणसं उरलेली नाहीत.

त्या शनिवारचा पाराशा, म्हणजे आठवड्याचा वाचायचा भाग, वाएतहानान. दहा आज्ञा त्यातच आणि शेमा इस्राएल, म्हणजे देव एकच आहे हे सांगणारी प्रार्थना, तीही त्यातच. सेफेरमध्ये नुसती हिब्रू व्यंजनं असतात. स्वरचिन्हं नाहीत, विरामचिन्हं नाहीत, चालीच्या खुणा नाहीत. ते सगळं छापील पुस्तकावरून आठवडाभर घोकून डोक्यात बसवायचं. धोकाही त्यातच आहे. पाठ इतका पक्का झाला, की जीभ पुढे पळते आणि डोळे नुसते मागून फिरतात. शेमा तर घरातलं लहान मूलही झोपताना म्हणतं, तिथे अक्षर कोण बघतं?

वाचनाच्या एकेका भागाला एकेकाला वर बोलावतात. सहावा माणूस वर आला, त्याने आधीची बेराखा (आशीर्वचन) म्हटली आणि मी शेमापासून सुरुवात केली. पाच वचनं झाली. सहाव्यात ‘मेझुझोत’ (दाराच्या चौकटी) हा शब्द येतो. इथे तो मेम, झायिन, झायिन, वाव, ताव असा लिहितात, म्हणजे दोन झायिन शेजारी शेजारी. झायिनचं डोकं दांड्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर येतं, वावचं फक्त डावीकडे. दुसऱ्या झायिनच्या डोक्याचा उजवा कोपरा उडाला होता. शाई गेलेली, खाली फिकट तपकिरी डाग. चांदीची याद (वाचायची काडी) तिथेच थांबली.

खालून मुकादमकाका म्हणाले, “हजानसाहेब, चला पुढे. सगळ्यांना ठाऊक आहे तिथे काय आहे.”

अडचण तीच होती. सेफेरमध्ये ३,०४,८०५ अक्षरं असतात आणि एक बिघडलं तरी ते वाचनाला चालत नाही. अक्षर सरळ तुटलेलं असेल तर प्रश्नच नाही. शंका असेल तेव्हा लहान मुलाला विचारायचं. त्याला अक्षरं ओळखता यायला हवीत, पण वाक्याचा अर्थ लावण्याइतकं ते मोठं नको. आम्ही आजूबाजूची अक्षरं झाकत नाही, म्हणून मूल निवडण्यालाच महत्त्व. आठ वर्षांचा एक मुलगा पुढे झालाच होता, पण त्याला शेमा तोंडपाठ. त्याने अक्षर न बघताच झायिन सांगितलं असतं. मग नुकती अक्षरं गिरवायला लागलेल्या सहा वर्षांच्या एकाला वर घेतलं. आमचे सेफेर लाकडी पेटीत उभे असतात, वाचतानाही उभेच, त्यामुळे त्याला स्टूल द्यावं लागलं. याद चामड्याला न टेकवता अक्षराखाली धरली आणि विचारलं, “बाळा, हे कुठलं अक्षर?” ‘झायिन की वाव?’ असं कधीही विचारू नये. दोन पर्याय दिले, की मूल आपल्या चेहऱ्याकडे बघतं.

“वाव,” तो म्हणाला.

निकाल लागला. हेखालातून, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीतल्या कपाटातून, दुसरा सेफेर काढला. तो रोश होदेशच्या (महिन्याच्या सुरुवातीच्या) वाचनाला, ‘गणना’ पुस्तकाच्या २८व्या अध्यायावर उभा होता. तिथून शेमा असलेल्या ‘अनुवाद’ पुस्तकाच्या ६व्या अध्यायापर्यंत यायला कितीतरी रकाने गुंडाळावे लागतात. दमट हवेत रूळ फुगून अडतात. दोघांनी दोन रूळ एकाच वेगाने फिरवायचे. एकाने घाई केली, तर चामडं ताणलं जाऊन टाके उसवतात. जागा शोधणं मात्र सोपं गेलं. शेमाच्या पहिल्या शब्दातला आयिन आणि वचनाच्या शेवटी ‘एहाद’मधला दालेथ, ही दोन अक्षरं मोठी लिहितात. लांबूनही दिसतात.

सहावा माणूस तसाच उभा होता. आधीची बेराखा पुन्हा म्हणायची नसते. त्या वचनाच्या सुरुवातीपासून नव्या सेफेरमधून वाचलं, त्याचा भाग संपवला आणि शेवटची बेराखा त्यावर झाली. आधीच्या पाच जणांचं वाचन धरलं जातं, ते परत वाचत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. लोक कुरकुरले, पण उठून कोणी गेलं नाही. गेलं असतं, तर मिन्यान मोडून वेगळीच पंचाईत झाली असती.

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, लिहिता येत नाही, फोटोही नाही. बिघडलेल्या सेफेरच्या पेटीवर बाहेरून कापड बांधून ठेवलं, म्हणजे कोणी चुकून काढणार नाही. शब्द लक्षात ठेवला. फोटो रविवारी काढून सोफेरला, म्हणजे सेफेर लिहिणाऱ्याला, पाठवला. चुकीचा सेफेर दुरुस्त न करता तीस दिवसांपलीकडे ठेवू नये असा नियम आहे. तो जपणं आमच्यासारख्यांना जड जातं, कारण सोफेर जवळपास मिळत नाही.

दुरुस्ती होण्याजोगी होती. सेफेरमधलं अक्षर मागाहून नीट करता येतं. गंमत अशी, की दाराच्या चौकटीवर लावायच्या मेझुझात (चामड्याच्या लिहिलेल्या तुकड्यात) हेच वचन असतं, पण तिथे अक्षरं क्रमानेच लिहिलेली लागतात. तिथला झायिन असा मोडला, तर मागून भरता येत नाही, तो तुकडाच बाद.

सोफेरने कळवलं, “एवढंच बघू नका, शेजारचे रकाने तपासा.” पावसाळ्यात चामडं फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. वाळलेली शाई त्याच्याबरोबर ताणत नाही, तडकते. शिवाय गुंडाळलेल्या सेफेरमध्ये ओल एका वेढ्यातून दुसऱ्यात जाते. सोमवारी दोघांनी मिळून दोन्ही बाजूंना उलगडत नेला. प्रत्येक वेढ्यागणिक, त्याच उंचीवर, तोच तपकिरी डाग होता. तीन ठिकाणी तो दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत पडला होता. चौथ्या ठिकाणी एका लामेदच्या मानेला लागत होता. तिथला फोटो जवळून काढून पाठवला.