चिठ्ठीवरचं ‘गाईचं दूध’

भूक चाचणीचा वाडगा माझ्या हातात होता. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, दुधाची पावडर, साखर आणि खोबरेल तेल कालवून केलेला मऊ लगदा. तीव्र कुपोषित मूल आलं की आधी तो चाटवायचा, किती खातं ते मोजायचं आणि त्यावरून पुढचं ठरवायचं, ही आमच्या पोषण पुनर्वसन केंद्रातली रोजची रीत. पोरगी आईच्या मांडीवर पडून होती. मी चमचा तिच्या ओठांपाशी नेला, तेवढ्यात आई अगदी हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, ह्याच्यात दूध हाय का?”

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी नऊ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. हा लगदा शेकडो मुलांना चारला असेल, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी चमचा खाली ठेवला.

मुलगी सतरा महिन्यांची. वजन 6 किलो 700 ग्रॅम. दंडाचा घेर 11.2 सेंटिमीटर, साडेअकराच्या खाली गेलं की पट्टी लाल दाखवते. ती लाल पट्टी बघूनच गावातल्या अंगणवाडी ताई त्यांना घेऊन आल्या होत्या. गालांवर आणि कोपरांच्या खोबणीत कोरडे, खाजवून सोललेले चट्टे. नखांना रक्त लागलेलं. “सहा महिने झाले, आव पडती,” आजी सांगत होती. “शेंब अन् रगत. चार डॉक्टर केले.” गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पदर. नातीच्या अंगावरून फिरणारा तिचा हात एकदाही थांबला नाही.

सून काहीच बोलत नव्हती. तिने तो एक प्रश्न विचारला आणि पुन्हा मान खाली घातली.

“का गं, दूध का विचारलंस?” मी म्हटलं.

तिने सासूकडे बघितलं. आजीनेच पिशवीतून घडी घातलेली चिठ्ठी काढली. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्याची, फेब्रुवारीतली. औषधांची दोन नावं, आणि खाली मराठीत ठळक लिहिलेलं: ‘गाईचं दूध बंद.’

“मग बंद केलं होतं का, आजी?”

“त्याच दिवशी,” आजी म्हणाली. “थेंब न्हाई दिला. शेजारच्याची जर्सी होती, त्यास्नी सांगून टाकलं, उद्यापासून रतीब नको. म्हशीचं लावलं. त्यानं बी भागंना, म्हून होळीला शेळी आणली. लेकराला शेळीचं दूध हलकं असतंय ना.”

मला काही क्षण बोलताच येईना. त्या बाईने चिठ्ठीतला शब्द न् शब्द पाळला होता. डॉक्टरांनी लिहिलेलंही चूक नव्हतं. आजाराचं नावच तसं आहे, पुस्तकातही ‘गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी’ असंच छापलेलं असतं. पण ते नाव जिथे दूध म्हणजे गाईचंच अशा देशांतून आलेलं आहे. आमच्याकडे ‘गाईचं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच ‘म्हणजे म्हशीचं चालेल’ असं ऐकू येतं. आणि म्हशीचं जड पडलं तर शेळी आहेच. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, सगळ्यांच्या दुधातली प्रथिनं एकमेकींशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाला चिडणारं शरीर बहुतेक वेळा बाकीच्यांनाही चिडतं. शेळीचं दूध हलकं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. या आजारात ते हलकं नाही.

आता सुनेला धीर आला. ते नवराबायको ऊसतोडीचे. दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेले, तेव्हा पोरगी अकरा महिन्यांची होती. फडावर, थंडीत, कोपीत लहान लेकराचे हाल होतात म्हणून तिला आजीपाशी ठेवलं आणि अंगावरचं तुटलं. वरचं दूध सुरू झालं ते तेव्हापासून. चैत्रात परत आली तेव्हा आपली पोरगी तिला ओळखू आली नाही, असं ती म्हणाली. तेवढं सांगून ती थांबली. मग म्हणाली, “मॅडम, मधी शेळीच्या सडाला काटा लागला हुता. चार दिस तिनं हात लावू दिला न्हाई. त्या चार दिसात हिला रगत पडलं न्हाई. मी आत्याबाईला म्हणलं बी. पर मला काय कळतंय, म्हून गप बसले.”

हे निरीक्षण तिने एकटीने केलं होतं. आमच्या बालरोगतज्ज्ञांना मी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. या आजारात निदानाची मुख्य वाटही तीच असते: दोन ते चार आठवडे सगळं दूध पूर्ण बंद करायचं, त्रास थांबतो का बघायचं, आणि मग डॉक्टरांच्या नजरेखाली पुन्हा थोडं देऊन खात्री करून घ्यायची. तिच्या हातून पहिला भाग नकळत होऊन गेला होता.

वॉर्डात मात्र आमची पंचाईत झाली. आमच्याकडचं जवळजवळ सगळं दुधावर उभं आहे. पहिल्या दिवसांत दर दोन तासांनी पाजायचं एफ-75 नावाचं पातळ मिश्रण, नंतर वजन वाढवायचं एफ-100, भूक चाचणीचा तो लगदा, सगळ्यांत दूध. सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, दही लावून देऊ या का? जुलाबाच्या मुलांना देतोच की.” त्यांचं म्हणणं वेगळ्या मुलांच्या बाबतीत खरं आहे. जुलाबांनंतर काही मुलांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज पचत नाही. दह्यात ती कमी झालेली असते, म्हणून दही सोसतं. इथे भांडण साखरेशी नव्हतं, प्रथिनांशी होतं, आणि विरजण लावल्याने ती प्रथिनं जात नाहीत. या दोन गोष्टींची गल्लत फार होते, शिकलेल्या घरांतही.

प्रथिनं बारीक तोडलेली खास पावडर मिळते, पण एका डब्याला हजाराच्या वर पैसे पडतात आणि डबा आठवडाभरही पुरत नाही. डॉक्टरांनी सोयाबीनची बालकांसाठीची पावडर मागवली. काही मुलांना सोयाही चालत नाही, म्हणून पहिले चार दिवस प्रत्येक शी बघायची, असं ठरलं. बाकीचं माझ्याकडे आलं.

संध्याकाळी मी आई आणि आजी दोघींना आमच्या स्वयंपाकघरात घेऊन गेले. नाचणी आजीला नवी नव्हती. “सत्त्व काढून देत हुते की,” ती म्हणाली. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, पांढरं शुभ्र. मी तिला फडक्यात उरलेला चोथा दाखवला. नाचणीतल्या कॅल्शियमचा मोठा भाग सालात असतो. तो आपण गाळून टाकतो आणि पांढरं पाणी पौष्टिक म्हणून पाजतो. मोड आणायचे, सावलीत वाळवायचे, मंद भाजायचं, दळायचं आणि बारीक चाळणीच्या वाटेला जायचं नाही. त्या पिठाची गुळाची पेज केली, वर चमचाभर तेल आणि भाजलेल्या तिळाचं अगदी बारीक कूट घातलं. पोरगीने पहिले दोन घास थुंकले. तिसरा गिळला. आजीने “पांडुरंगा” म्हणत डोळे पुसले.

हिशेब मात्र मी त्यांना गोड करून सांगितला नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे असतं, पण एवढ्या मुलाने दिवसभरात चाळीस ग्रॅम पीठ खाल्लं तरी खूप. तीळ चमचाभरच जातात. शेवग्याचा पाला चांगला, पण मुठीने थोडाच खाणार? सगळं जोडूनही आकडा पाचशेला पोचत नाही. म्हणून कॅल्शियमचं औषध चालू ठेवायचं, ते ‘बाटली संपली, झालं’ असं नव्हे. दूध काढून घेणं ही एका ओळीची गोष्ट आहे. त्याच्या जागी काय ठेवायचं, ते कुणी लिहून देत नाही, आणि मुलं वाळतात ती त्या रिकाम्या जागेमुळे. या मुलीच्या तर दोन्ही बाजूंनी झालं होतं: सोसत नाही ते पोटात जात होतं आणि दुधावर भिस्त म्हणून बाकीचं फारसं जातच नव्हतं.

मग अंड्याचा विषय निघाला. माळकरी घरात बी-12 जीवनसत्त्व मिळायचं ते दुधातूनच. दूध गेलं की तेही गेलं. मी आजीला सरळ सांगितलं की अंडं दिलं तर बरं, नाही दिलं तर औषध द्यावंच लागेल, दोन्हीपैकी काहीच नाही असं चालणार नाही. ती बराच वेळ गप्प होती. माळेशी चाळा करत म्हणाली, “माझ्या चुलीवर नको. तिच्या मायनं वेगळ्या पातेल्यात उकडून घातलं तर मी बघायची न्हाई.” मला त्या बाईबद्दल फार आदर वाटला. आजही वाटतो.

लेकरू चौदा दिवस राहिलं. पाचव्या दिवशी शीमधलं रक्त दिसेनासं झालं. आठव्या दिवशी लोहाचं औषध सुरू केलं. तीव्र कुपोषित मुलाला ते पहिल्याच दिवशी देत नाहीत. मुगाची डाळ आणि तांदळाची मऊ खिचडी, त्यात तेल, दाण्याचं कूट, उकडलेला बटाटा. आजीचा जीव मात्र वरणभातावरच्या तुपासाठी तुटत होता. “तुपात कुठं दूध असतंय?” असं ती तीनदा म्हणाली. घरी लोणी कढवून केलेल्या तुपात बेरीचा अंश राहतो, म्हणून निदान आता तरी नको, असं डॉक्टरांनी तिला स्वतः समजावलं, तेव्हा तिने मानलं. जाताना वजन 7 किलो 250 ग्रॅम होतं. गालांवरचे चट्टे फिकट झाले होते, गेले नव्हते.

घरी सोडायच्या दिवशी मी नवी चिठ्ठी लिहायला घेतली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘कोणत्याही जनावराचं दूध नाही.’ खाली गाय, म्हैस, शेळी, मेंढी. मग दही, ताक, लोणी, तूप, साय, खवा, पेढा, पनीर, दुधाची पावडर, बाजारातली बाळांची पाकिटं. बिस्किटांपाशी थांबले. सुनेची दहावी झालेली. तिच्या पिशवीत पाच रुपयांचा पुडा होता. त्यावरचा बारीक मजकूर मी तिला वाचायला लावला. अ‍ॅलर्जीची सूचना आता पाकिटावर छापावीच लागते, पण असते बहुतेकदा इंग्रजीत. ती बोट ठेवून एकेक शब्द लावत गेली आणि ‘मिल्क’पाशी थांबली. “हे तर रोज दोन खाती ही,” ती म्हणाली. तो पुडा तिने तिथेच अंगणवाडी ताईंच्या हातात दिला.

“हे आयुष्यभर का?” तिने विचारलं. नाही. बहुतेक मुलांना तीन ते पाच वर्षांची होईपर्यंत दूध पुन्हा सोसायला लागतं. पण ते घरी करून बघायचं नाही, डॉक्टर सांगतील तेव्हा, त्यांच्यासमोर. मी हेही चिठ्ठीत लिहिलं.

आजीला वेगळीच काळजी होती. “अन् देवळातलं पंचामृत?” ती म्हणाली. मी ते लिहिलं. “एकादशीला पेढा देत्यात लेकरांस्नी.” पेढा आधीच लिहिला होता, तो दाखवला. मग चिठ्ठी सुनेच्या हातात देऊन म्हटलं, आता तू वाच, राहिलं असेल ते सांग.

तिने सगळी चिठ्ठी ओठ हलवत वाचली. मग माझ्या हातातला पेन मागून घेतला, मांडीवर कागद धरला आणि तळाशी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘चहा’.

“सकाळी ह्यांच्या बशीतला दोन घोट देत्यात,” ती म्हणाली, या वेळी सासूकडे न बघता.