तुम्ही विचारलंत म्हणून: खगोलशास्त्राची बीएस्सी कुठे असते?

बारावीचा निकाल लागला की आमच्या फिजिक्स विभागाच्या दारात दरवर्षी कुणी ना कुणी आईवडील येतात. त्यांच्या मागे एक गप्प मुलगी किंवा मुलगा उभा असतो. प्रश्न ठरलेला. "मॅडम, हिला खगोलशास्त्र करायचंय. माहितीपत्रकात तर नुसतं फिजिक्स दिसतंय. खगोलशास्त्राची बीएस्सी कुठे असते?" दारात उभ्याउभ्या दिलेलं माझं उत्तर नेहमी अपुरं राहतं, म्हणून आज जरा बसून सांगते.

फिजिक्सच घ्या. आणि गणित सोडू नका.

हे मी नाइलाज म्हणून सांगत नाही. खगोलशास्त्राची स्वतंत्र पदवी आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी मिळते हे खरं. पण ती गल्लोगल्ली मिळाली असती तरी माझं उत्तर हेच असतं. नोबेल मिळवणारे खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यम चंद्रशेखर १९३० साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून बाहेर पडले ते भौतिकशास्त्राची पदवी घेऊन. त्याच वर्षी इंग्लंडला जाताना, बोटीवर, श्वेतबटू ताऱ्याच्या, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्याच्या, वस्तुमानाला मर्यादा असते हे त्यांनी गणिताने दाखवलं. दुर्बीण नव्हती, पुंजसिद्धांत आणि सापेक्षता यांची चांगली समज होती. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी केंब्रिजला गणिताची पदवी घेतली होती.

पण मुलांना हे पटतं ते प्रयोगशाळेत. सोडियमच्या दिव्याचं प्रॅक्टिकल घ्या. स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजायचं उपकरण, लेव्हल करण्यातच पहिला तास जातो, मुलं वैतागतात, "मॅडम, फटच दिसत नाही" असं चालू असतं. मग कधीतरी ग्रेटिंग, म्हणजे प्रकाश रंगांत फोडणारी बारीक रेघांची काच, नीट बसतं. पहिल्या ऑर्डरला (मधल्या प्रतिमेशेजारच्या पहिल्या वर्णपटात) एकच पिवळी रेषा वाटते, दुसऱ्या ऑर्डरला, त्याच्याही पलीकडे, तिच्या दोन झालेल्या दिसतात: ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. त्या वेळी अंधाऱ्या खोलीत जी शांतता पसरते ती मला फार आवडते. मग मी १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाबद्दल बोलते. ते भारतातून दिसलं होतं. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत तेव्हा एक पिवळी रेषा दिसली, ती सोडियमचीच असावी असं आधी वाटलं. पुढे नीट मोजल्यावर ती ५८७.६ वर निघाली. दीड नॅनोमीटर बाजूला, आणि पृथ्वीवर तोवर कुणालाही न सापडलेलं मूलद्रव्य: हेलियम. व्हर्नियरची बारीक मोजपट्टी वाचून वाचून ज्याचे डोळे दुखलेत, त्या मुलाला दीड नॅनोमीटर म्हणजे किती हे सांगावं लागत नाही.

व्यतिकरणाचंही, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळण्याचंही, तसंच. दोन फटींतून आलेला प्रकाश, त्याचे काळे-उजळ पट्टे, परीक्षेत हमखास येणारी आकृती. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश उभ्या आहेत तिथे हाच धडा शेतांमधून पसरलेला आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, काही एकमेकींपासून २५ किलोमीटरवर. २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरीसाठी एकट्या डिशला पूर्ण चंद्राच्या दोन तृतीयांशाहून बारीक काही वेगळं करता येत नाही. पण कुठल्याही दोन डिश घेतल्या की त्या दोन फटींसारख्या वागतात. तीस डिशच्या अशा ४३५ जोड्या होतात, आणि मग दोनेक विकलांइतका (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) बारीक तपशील हाती लागतो. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती सर्वांसाठी खुली असते. प्रकाशशास्त्राची वही सोबत घेऊन जा.

वाटा थोडक्यात सांगते. साध्या कॉलेजातून फिजिक्स मेजर, जमल्यास गणित मायनर. काही ठिकाणी शेवटच्या वर्षांत खगोलभौतिकी ऐच्छिक विषय म्हणून मिळते, मिळाली तर घ्या. पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञानशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेत पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे, त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी. बीएस्सीनंतर जॅम ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सी, आणि पुढे पीएचडी. पुणे विद्यापीठाच्या आवारातच आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या दोन्ही संशोधन संस्था आहेत, हे पुण्यातल्या मुलांनाही पुष्कळदा माहीत नसतं.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. या तीन-चार वर्षांत वर्गातून आकाश फार थोडं दिसतं. पहिलं वर्ष बलं, लंबक आणि विद्युतमंडलं यांतच जातं, आणि आकाशासाठी आलेल्या मुलाला ते लांबचं वाटतं. काही जण तिथेच हिरमुसतात, त्यांचं मला वाईट वाटतं. त्यांना मी रात्री गावाबाहेर पाठवते. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींना आकाश दाखवते आहे. बाकी गावांतही असे गट सापडतात. शिवाय पायथन ही संगणकाची भाषा शिकून घ्या, कारण आजचा खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीला डोळा लावण्यापेक्षा आकडेवारीसमोर जास्त बसतो.

आणि प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या फिजिक्स प्रयोगशाळेत एक चक्कर मारा. प्रॅक्टिकल चालू असताना जा. एका स्पेक्ट्रोमीटरभोवती किती मुलं आहेत ते मोजा, आणि प्रत्येकाला स्वतःचं रीडिंग घेता येतं का, हे तिथल्याच एखाद्या मुलाला विचारा.